टाचणी मास्तर

तुमच्या गावात तो मनगटावरच्या घड्याळाला रोज रात्री चावी देत असेल, नाहीतर पाट्यावर वाटलेल्या चटणीवाचून घास घेत नसेल. आमच्या मारेगावात त्याच्याकडे पुठ्ठ्याचा डबा आहे. जात एकच. जगात जे काम पाच सेकंदांत उरकतं ते या लोकांना पंधरा दिवसांत करायचं असतं, आणि ते पंधरा दिवस आपणही हजर असावं असा त्यांचा हट्ट असतो.

आमचा नमुना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक आहे. समोर असले की ‘गुरुजी’, पाठ वळली की ‘टाचणी मास्तर’. डबा बुटाच्या खोक्याचा, आतून काळा रंगवलेला. समोर कोल्ड्रिंकच्या कॅनचा कापलेला तुकडा, त्याला सुईच्या टोकाने पाडलेलं भोक, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. व्यास साधारण ०.३ मिलिमीटर. लेन्स नाही, बॅटरी नाही, डोळा लावायला खिडकीसुद्धा नाही, त्यामुळे फोटोत काय येणार हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शटर म्हणजे वायरमनची काळी टेप: सोलायची, उजेड आत जाऊ द्यायचा, परत चिकटवायची. आतली फिल्म कमानीसारखी वाकवून बसवलेली असते. सपाट ठेवली तर टोकाकडे उजेड कमी पोचतो आणि फोटोच्या दोन्ही बाजू काळवंडतात. कमानीत भोकापासून सगळी फिल्म सारख्या अंतरावर राहते. असा एक फोटो तीन फोटोंची जागा खातो. छत्तीसच्या रोलात जेमतेम बारा निघतात, पण त्या प्रत्येकात एवढं मावतं की पाहताना मान फिरवावी लागते.

“मोबाइलमध्ये पॅनोरमा आहे ना, गुरुजी,” असं त्यांना एकदाच म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा म्हणायची कोणाची छाती होत नाही, कारण पहिल्याच खेपेला पोरांसमोर खडूने जमिनीवर गणित मांडलं जातं. भोक ०.३, फिल्म पन्नास मिलिमीटरवर, म्हणजे भागाकाराचा आकडा गेला १६० च्या घरात. साध्या कॅमेऱ्यात भर उन्हात तो १६ ठेवतात. दहापट आकडा म्हणजे शंभरपट कमी उजेड. तेव्हा शंभरच्या फिल्मला भर उन्हात किती वेळ? एक सेकंद.

आता हा सेकंद मोजायचा कसा? घड्याळ गुरुजींच्या हातावर आहे. ते पाहत नाहीत. पाढा म्हणतात.

भर उन्हात ‘बे एके बे’, टेप बंद. आभाळ आलं तर ‘बे पंचे दहा’पर्यंत. लिंबाच्या सावलीत बेचा पाढा अख्खा. उन्हं कलली की तेराचा, दिवेलागणीला सतराचा, आणि देवळाच्या गाभाऱ्यात एकोणतीसचा, तोही संथ लयीत, वर पावकी-निमकीची भर घालून. भर का, तर वेळ लांबला की फिल्मचा वेग पडतो. हिशेबाने दहा सेकंद निघाले तर तिला वीस द्यावे लागतात. “वर्गातल्या पोरासारखं आहे,” गुरुजी सांगतात. “पहिली दहा मिनिटं पटापट शिकते, मग पेंगते. पेंगली म्हून शिकवणं सोडाचं नसते.”

हे पाढे मनात म्हटले असते तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ते वर्गातल्या आवाजात म्हटले जातात आणि मारेगावातली निम्मी बाप्ये माणसं त्याच आवाजाखाली वाढलेली. ‘सतरा त्रिक’ कानावर पडलं की पानठेल्यावरचा पन्नाशीचा माणूस हातातला खर्रा सोडून ‘एक्कावन्न’ म्हणतो. पुढे पुढे गावाचं वेळेचं मापच बदललं. चहावाल्याला “किती वेळ?” विचारलं तर “बेचा पाढा म्हणा, आणतो.” वणीची एसटी कधी येईल? “एकोणतीस लागला आहे.” तहसीलमध्ये दाखल्याला किती दिवस लागतील असं एकाने विचारलं, तेव्हा बाकावरचा म्हातारा शांतपणे म्हणाला, “तेवढा पाढा अजून निघाला नाही, बाप्पा.”

एका लग्नात वरबापाने हौसेने ‘पूर्ण मांडव एकाच फोटोत’ अशी ऑर्डर दिली. मांडवातला उजेड बेताचा, म्हणून सतराचा पाढा ठरला. वऱ्हाड तीन रांगांत बसलं. “हालू नका जी!” गुरुजींनी टेप सोलली आणि सुरू केलं. ‘सतरा दुणे’ला मागच्या रांगेतल्या मामाने साथ दिली. ‘सतरा पाचे पंच्याऐंशी’ला अख्खा मांडव म्हणत होता, दोन्हीकडचा. शेवटी शेवटी नवरदेव एकटा अडखळला, नवरी मात्र दहापर्यंत न चुकता पोचली. फोटो धुऊन आला. डोळे, फेटे, शालू, सगळं आलं होतं. तोंडं मात्र एकालाही नव्हती. पाढा म्हणताना हललेला भाग फिल्मने धरलाच नाही. वरबाप चिडला. गुरुजींना नवरीच्या पाठांतराचा आनंद झाला होता.

हललं ते गेलं, हा या डब्याचा कायदा. छायाचित्रणाइतकाच तो जुना आहे. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा चालती गर्दी आणि गाड्या सगळ्या पुसल्या गेल्या, राहिला तो बूट पॉलिश करून घेणारा एक इसम, कारण तोच एका जागी उभा होता. आमच्या आठवडी बाजाराच्या फोटोत ताडपत्र्या आहेत, वांग्यांचे ढीग आहेत, तराजू आहेत, माणूस एकच: भरपूर घेऊन झाडाखाली आडवा झालेला. त्याची मिशीसुद्धा दिसते. वणी-करंजी रस्त्याच्या सांजवेळच्या फोटोत कोळशाचा एकही ट्रक नाही. जी गोष्ट साऱ्या यंत्रणेला जमली नाही ती गुरुजींनी तेराच्या पाढ्यात केली.

पण खरी मजा भूमिपूजनाची. पुढारी दीड तास उशिरा आले, तोवर उन्हं उतरली होती आणि प्रकरण सतरावर गेलं होतं. पुढाऱ्यांनी हात जोडले, हात हलवले, नारळ फोडला, या पोऱ्याच्या पाठीवर थाप, त्याच्या खांद्यावर हात. फोटोत कुदळ आली, नारळाची शेंडी आली, खुर्च्या आल्या. पुढाऱ्यांच्या जागी थोडंसं धुकं. मागे त्यांचाच दहा फुटी फ्लेक्स होता, तो हालत नसल्यामुळे लख्ख आला, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने. पाच वर्षांनीही त्या जागेचा फोटो घेतला तर तसाच येईल, कारण पायाच्या पुढे तिथे काही हाललेलं नाही.

हे खूळ शिरलं कधी याचा पत्ता गुरुजी स्वतःच देतात, न विचारता. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतलं सूर्यग्रहण. राजस्थान, उत्तर प्रदेशात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. लोक दारं लावून आत बसले आणि गुरुजी गोठ्यात म्हशीची धार काढत होते. टिनाच्या छपराला खिळ्यांची भोकं. त्यांतून जमिनीवर एरवी उन्हाचे गोल कवडसे पडायचे, त्या सकाळी शेणावर, वैरणीवर, म्हशीच्या पाठीवर चंद्रकोरी पडल्या. प्रत्येक भोकाने आपापला सूर्य खाली उतरवला होता. तेव्हापासून हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर पडणारी गोपुराची उलटी सावली, हजार वर्षांपूर्वीचा इब्न अल-हैथम आणि त्यांचा गोठा ही नावं ते एका दमात घेतात. आपण ऐकायचं.

एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ पासून जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून साजरा होतो. तारीख ठरवणाऱ्यांपैकी कोणी एप्रिलात मारेगावला येऊन गेलेलं नसावं. पारा ४४ वर, आणि गुरुजी पराटी उपटून काढलेल्या वावरात, काळ्या मातीत. माझी नेमणूक छत्री धरायला. छत्री डब्यावर. आमची दोन डोकी उघड्यावर. फिल्म तापली तर बिघडते, माणूस तापला तर कांदा नाकाला लावता येतो.

पुढे धुण्याचं महाभारत. डेव्हलपर २० अंशांवर लागतं. आमच्याकडे त्या दिवसांत टाकीच्या नळाला चहापुरतं गरम पाणी आपसूक येतं. म्हणून बर्फगोळेवाल्याकडून लादी आणायची, न्हाणीघराची फट न् फट गोधड्यांनी बंद करायची आणि अंधारात आत जायचं. न्हाणीघर दुपारभर अडलेलं. “दुसऱ्याइच्या फ्रिजात भाजी राह्यते जी,” काकू म्हणतात. “आमच्या घरी रोल राह्यतात.” खरंच राहतात. लोणच्याच्या बरणीमागे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही आहे. कंपनी बंद पडली, रोलची मुदत कधीच सरली, पण गुरुजी तो वापरत नाहीत आणि फेकत नाहीत. निगेटिव्हचा फोटो शेवटी पुतण्याच्या मोबाइलनेच काढतात. हे मी लिहिलं म्हणून माझ्याशी बोलणं बंद होणार आहे. मग वणीच्या फ्लेक्सवाल्याकडे चार फूट लांब प्रिंट. तो दर वेळी विचारतो, “वाढदिवस कोणाचा?”

तर असा हा छळवाद. आणि तरी कबूल करायला हवं, की आमचा मुलूख त्या डब्यासारखाच आडवा आहे. इथे नजर अडवायला कडे नाहीत की सुळके नाहीत. वावर, धुरा, वावर, मधे एखादं मोहाचं झाड, परत वावर. मोबाइलच्या चौकटीत त्यात पाहण्याजोगं काही दिसत नाही. गुरुजींच्या पट्टीत दिसतं.

मार्डीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी सांजच्याला धुऱ्यावर बसवलं होतं. अंधारून आलेलं, एकोणतीसचा पाढा. मजूर बाया कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मधून निघून गेल्या, फोटोत त्यांची पांढरी रेघ तेवढी आली. म्हातारा ‘एकोणतीस दाहे’पर्यंत पापणी सोडून हलला नाही. “सवय आहे,” म्हणाला, “पावसाची वाट पाह्याची.”

दोन वर्षांनी तो गेला. घरात मोबाइल चार, फोटो शेकड्यांनी, पण म्हातारा एकातही धड नाही, कुठे अर्धा कान, कुठे नातवाच्या मागे धोतर. पोरगा गुरुजींकडे आला. “बाबाचं थोबाड तेवढं कापून मोठं करून द्या.” गुरुजींनी साफ नकार दिला. भोकाच्या फोटोत चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, मोठा केला की नुसता धुरळा होईल. शिवाय आडवा फोटो कापायचा नसतो. नेला तर पूर्ण ने.

नेला. चार फुटांची पट्टी भिंतीवर लागली: डावीकडे विहीर, उजवीकडे बाभळी, मधे कुठेतरी बाप. तेरवीच्या दिवशी हार घालायची वेळ आली आणि लक्षात आलं की नेहमीचा हार फोटोच्या पावपट्टीलाही पुरत नाही. पोरगा गाडीवर वणीला जाऊन आणखी तीन हार घेऊन आला, सुतळीने एकाला एक बांधले, तेव्हा कुठे या टोकापासून त्या टोकापर्यंत झाला. पाहुण्यांतली एक म्हातारी पुटपुटली, “वावरालेच हार घातला माय.”

गुरुजींनी प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. रोलचे मात्र मागितले, सगळ्या रोलचे नाही, बारातल्या एका फोटोचे. तेवढा हिशेब पोराला तोंडी येईना, तेव्हा त्यांनी त्याला तिथेच, तेरवीच्या पंगतीत, बाराचा पाढा म्हणायला लावला.