जरा उजेडाकडे बघा

आरती संपते, कापूर विझत येतो, सगळ्यांचे हात प्रसादाकडे वळतात आणि मागून हुकूम सुटतो, ‘थांबा, थांबा! तबक परत हातात घ्या. वहिनी, तुमची सावली बाप्पाच्या सोंडेवर पडलीय.’ आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत विझलेल्या कापराने ओवाळण्याची जी प्रथा पडली आहे, तिचे जनक नाना.

नाना रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल मिळाला. शाल कपाटात गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, मोबाइल आम्हा सगळ्यांना भोवला.

तसं हे वेड जुनं. वडिलांचा आगफा क्लिक थ्री नानांकडे अजून आहे. एका रोलमध्ये बारा फोटो. गणपतीत रोल भरला की दिवाळी, मधलं एखादं बारसं आणि संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांतलं बाळ, एवढं सगळं त्या बारांत बसवायचं. बटण दाबताना नाना श्वास रोखून धरत, आणि समोरचेही. आता मोदकांच्या एका ताटाचे चाळीस फोटो निघतात. वरचं तूप थिजतं, पण नाना खुर्चीवर चढून एकेचाळिसाव्याचा कोन शोधत असतात.

नियम त्यांना सगळे पाठ आहेत, आणि घोळ तिथेच आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा आणता येतात. मुख्य वस्तू मधोमध ठेवायची नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची, असा संकेत. नानांनी तो सोवळ्यासारखा पाळला. परवाच्या लग्नात नवरानवरी उजव्या कोपऱ्यात आणि डावीकडे दोन तृतीयांश रिकामं व्यासपीठ, असा फोटो आला. नवरीच्या आईने तो बराच वेळ न्याहाळून विचारलं, ‘ही जागा कुणासाठी धरून ठेवली होती?’

‘निगेटिव्ह स्पेस,’ नाना म्हणाले.

फोटो काढणं ही नानांच्या मते निम्मीच कामगिरी. खरा माणूस एडिटिंगला दिसतो. स्नॅपसीड हे ॲप २०११ साली आयपॅडसाठी आलं आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली, हा इतिहास आम्हाला लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ऐकायला मिळतो. त्यातल्या ‘सॅच्युरेशन’वर नानांचं बोट एकदा ठेवलं की उजवीकडेच सरकतं. कासच्या पठारावर सोसायटीची सहल गेली होती तेव्हा नाना वाटेवरच पालथे पडून सोनकी टिपत होते आणि मागची रांग त्यांना ओलांडून पुढे जात होती. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. पिवळीधमक सोनकी केशरी झाली होती, जांभळट तेरडा ट्यूबलाइट गिळल्यासारखा झळकत होता आणि आकाश धुतल्या निळीचं होतं. तिसऱ्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांनी खाली लिहिलं, ‘नाना, ही जात मी आजवर पाहिलेली नाही.’ नानांनी ते कौतुक समजून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

‘हीलिंग’चं प्रकरण याहून गंभीर. नको ती वस्तू बोटाने घासायची, ती नाहीशी होते आणि आजूबाजूच्या रंगा-पोताने ती जागा भरली जाते. भिंतीवरचा डाग किंवा आकाशातली तार सुरेख जाते. पण नानांना मोठं काढून टाकायची हौस. एका मुंजीच्या फोटोत बटूच्या मामांमागे पेडस्टल फॅन आला होता. तो घासता घासता मामांचा उजवा कान गेला आणि तिथे मांडवाची झालर उगवली. मामांनी तोच फोटो वर्षभर डीपी म्हणून मिरवला. कान नाही, हे मामींच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारकावे मरतात, म्हणून नाना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. सोसायटीच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणजे मेन्टेनन्सची थकबाकी, या समजुतीने ते कुणी उघडत नाही. मग नाना एकेकाला जिन्यात गाठतात. ‘छान’ एवढ्यावर सुटका नसते. ‘छान, पण कशामुळे?’ असा पुढचा प्रश्न येतो.

आता हेही सांगायला हवं की या माणसाला बरंच कळतं. दिवसभर खिशात नि हातात राहून मोबाइलच्या लेन्सवर तेलकट बोटं उमटतात, आणि फोटो धुरकट आला की लोक मोबाइल बदलायला निघतात. नाना फक्त सदऱ्याचं टोक पुढे करतात. सेल्फीत नाक मोठं का येतं, याचं उत्तर मी त्यांच्याकडूनच शिकलो. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद नजरेची. ती तोंडाजवळ नेली की चेहऱ्याचा जो भाग सगळ्यात पुढे तो फुगतो. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम केलं की नाक आपल्या मापात येतं. मागून झगमगाट असला तर चेहऱ्यावर बोट टेकवून शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे माणसाला खिडकीशी बसवायचं. ‘जरा उजेडाकडे बघा,’ म्हणून नाना एक चाचणीचा फोटो काढतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर नानांच्या हातून निघालेले झकास फोटो हे चाचणीचेच. त्यात माणसं अजून सावध झालेली नसतात आणि नानांना नियम आठवलेले नसतात. नाना ते ताबडतोब डिलीट करतात.

भिंतीवर हार घालायच्या फोटोंचं खातंही त्यांच्याचकडे आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की ऐनवेळी धावाधाव होते. चांगला फोटो सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या व्याह्याचा हात खांद्यावर असलेला. तो हात पुसून देण्यात नानांचे अनेक तास गेले आहेत. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या आक्कांनी वेळीच त्यांना घरी बोलावलं. ‘नाना, माझा तो फोटो काढून ठेव. पोरांची धांदल नको.’

नऊवारी, नथ, खिडकीशेजारी खुर्ची. नानांनी जीव ओतला. मग रात्री बसून त्यांनी सुरकुत्या घासल्या, डोळ्यांखालची वर्तुळं घासली, केसांना चमक दिली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी चष्मा पुसून मोबाइल हातात घेतला.

‘ही कोण?’

‘तुम्हीच, आक्का.’

‘ही साठीचीही नाही. लोक म्हणतील, अकाली गेली. पोरांनी औषधपाणी केलं नाही.’

नाना गडबडले. घाईत त्यांचं बोट भलतीकडे सरकलं आणि डिलीट करायचा राहून गेलेला चाचणीचा फोटो पुढे आला. मान वळलेली, भुवया चढलेल्या, तोंड उघडं, एक बोट हवेत.

‘यात मी काय करतेय?’

‘सूनबाईंना सांगत होतात, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर.’

आक्कांनी तो फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. ‘हाच लाव. वरून घरावर लक्ष राहील. तो गुळगुळीत व्हॉट्सॲपला चालेल.’

नानांचा चेहरा पडला. ‘आक्का, निदान मागचा तो फ्रिज तरी पुसतो.’

‘हात लावू नकोस,’ आक्का म्हणाल्या. ‘अजून हप्ते चालू आहेत त्याचे.’