आबांचं पिस्तूल

आमच्या परभणी जिल्ह्यात ज्याच्या घरी रझाकारांच्या काळातली वस्तू नाही, त्याच्या घरी निदान गोष्ट तरी असतेच. आमच्याकडे दोन्ही होतं, पण दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

वस्तू म्हणजे एक पितळी पिस्तूल. पाथरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यात, देवघराच्या देवळीत, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या पाठीमागं ते लाल फडक्यात असायचं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर निघायचं. विळा, कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन आणि तात्याकाकांची लुना या रांगेत पहिला मान त्याचा. आजी ते चिंच आणि राखेनं घासायची. पुढं आत्याच्या हाती कारभार आल्यावर पितांबरी आली. मग हळद, मग कुंकू, मग झेंडू. नळीचं तोंड आभाळाकडं करून त्यात उदबत्त्या खोचायच्या. नळी इतकी रुंद की उदबत्त्या कलंडायच्या, म्हणून आजी आधी आत मूठभर तांदूळ घालायची. कुठल्याही देशाच्या सैन्यात हत्याराचा असा बंदोबस्त होत नसेल.

गोष्ट म्हणजे आमच्या आजोबांची, आबांची. निजामाचे रझाकार गावावर चालून आले, आबांनी वेशीवर उभं राहून हे पिस्तूल झाडलं आणि रझाकार पळाले. माझ्या लहानपणी पळालेले रझाकार चार-पाच होते. थोरल्या भावानं शाळेत १७ सप्टेंबरला भाषण केलं तेव्हा ते वीस झाले, आणि आबांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत पन्नास. बाकीच्या देशानं १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा लावला; आमच्याकडे निजाम होता, त्यामुळं आम्हाला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अॅक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. एवढा उशीर झाल्यावर माणसं गोष्टींतून थोडी भरपाई करून घेणारच. १९४८ च्या जानेवारीत क्रांतिकारकांनी उमरीची बँक लुटली. त्या दिवशी आपले आजोबा तिथं होते असं सांगणाऱ्या घरांची बेरीज केली, तर बँकेत पैशाला जागा उरली नसती. (त्या सालातलं सगळंच हसून सांगण्यासारखं नाही. अॅक्शननंतर आपल्या भागात जे झालं, ते सुंदरलाल समितीच्या अहवालात लिहिलेलं आहे. ते मात्र कुणी खंडेनवमीला फडक्यातून बाहेर काढत नाही.)

वाडा पाडायचं ठरलं आणि वाटण्या निघाल्या. माळवदाच्या तुळया, तांब्याचे हंडे, उतरंड, पाटा-वरवंटा, सगळं वाटून झालं आणि पिस्तुलावर येऊन गाडी अडली. त्याची सातबाऱ्यावर नोंद नाही, फेरफार नाही. मग आधी किंमत ठरवा असं ठरलं आणि जो तो जाणकार झाला.

तात्या म्हणाले, "जर्मनीचं आहे." पुरावा विचारला तर म्हणाले, "जगात जर्मनी, भारतात परभणी, हे काय उगं म्हणतेत का?" पुण्याच्या चुलतभावानं पुस्तक वाचलं होतं. त्याच्या मते हा सिडनी कॉटनचा माल. कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक. ४८ साली कराचीहून रात्रीची विमानं भरून त्यानं निजामाला चोरून हत्यारं पुरवली, इथपर्यंत खरं आहे. पण "कॉटननं हत्यारं आणली" एवढं ऐकून आत्यानं मानवतच्या जिनिंगमधल्या गाठींवर संशय घेतला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. नांदेडच्या जावईबापूंनी मोबाइलवर बरंच काही पाहिलं होतं. ते म्हणाले, हे इंग्रज अधिकाऱ्याचं वेब्ली, याला परदेशात लाखांनी पैसे मिळतात. 'लाख' म्हटल्याबरोबर वाड्यात न येणारे नातेवाईकही चहाला येऊ लागले.

आम्ही पाथरीकडची माणसं, मूळस्थानाचे वाद आम्हाला नवे नाहीत. २०२० च्या जानेवारीत साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटी देण्याची घोषणा झाली आणि तिकडं शिर्डी बंद झाली. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इतक्या जणांनी इतकी मतं दिली, पण पिस्तूल नीट निरखून कुणीच पाहिलं नव्हतं. पाहायचं तर वर्षानुवर्षांचं कुंकू काढावं लागलं असतं, आणि त्याला आत्याची परवानगी नव्हती.

मग परभणीहून वकील आला. वकील म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. त्याला घरात नावानं कुणी हाक मारत नाही. पिस्तूल बघताच तो दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं विचारलं, "परवाना कुठं आहे?"

"निजामाचं राज्य होतं रे," तात्या म्हणाले.

"निजामाचा तरी दाखवा."

तोही नव्हता. मग त्यानं समजावून सांगितलं. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना असेल तर तो वारसाच्या नावावर करून घेण्याची सोय नियमांत आहे. पण परवानाच नसेल तर वारसानं नेमकं काय घ्यायचं? विनापरवाना हत्यार बाळगलं तर कलम २५ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षं. पूर्णपणे निकामी, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण निकामी आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं. "आता सांगा," तो म्हणाला, "कुणाच्या ताब्यात आहे म्हणून लिहू?"

आमच्या घराण्यात इतक्या झटपट एकमत कधी झालं नव्हतं. पुण्याच्या भावानं फोनवर सांगितलं की त्याचा हट्ट पहिल्यापासून फक्त हंड्यांसाठी होता. जावईबापू म्हणाले, आम्ही बोलूनचालून परके. ज्या बैठकीत प्रत्येकाला एक पंचमांश पिस्तूल हवं होतं, तीच बैठक हक्कसोडपत्राचा मसुदा मागू लागली. तात्यांनी तर "सदर वस्तू मी कधीही जवळून पाहिलेली नाही" असं एक वाक्य आपल्या हातानं घातलं. वाक्य लिहिताना पिस्तूल त्यांच्या मांडीवर होतं.

पोलिसांकडं जमा करायचं तर अर्जात हत्याराचं वर्णन लागतं, आणि "पितळी, कुंकू लावलेले" हे वर्णन वकिलाला पुरेसं वाटेना. "नंबर बघा, कारखाना बघा," तो म्हणाला. "हत्याराला नंबर असला की ते बोलतं." त्याचं म्हणणं खरं होतं. सावरकरांनी १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यात घालून पाठवली. त्यांतलंच एक अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर झाडलं, आणि पोलिसांचा माग पिस्तुलाच्या मागं मागं थेट लंडनला पोचला. आमच्या पिस्तुलाचा माग देवळीच्या मागं जात नव्हता.

वकिलाचे एक पक्षकार जिंतूरकडचे निवृत्त सुभेदार. बांधाच्या भांडणात अडकलेले, पण फौजेत उभी हयात हत्यारांच्या दुरुस्तीत गेलेली. पिस्तूल त्यांच्याकडं नेणं म्हणजे कलम २५ ला एस. टी.त बसवून नेणं, म्हणून फोटो पाठवले. पहिल्या फोटोत तात्या चंद्रशेखर आझादांसारखे उभे होते आणि नळी थेट कॅमेऱ्यात. लगेच फोन आला.

"फोटो कुणी काढला?"

"मी काढला, सुभेदारसाहेब."

"जिवंत आहात ना? मग ऐका. आधी ते खाली ठेवा. तोंड भिंतीकडं. घोड्याजवळ कुणाचं बोट नको. रिकामं आहे असं सगळेच म्हणतात, माझा कुणावर विश्वास नाही. आत काय आहे?"

"तांदूळ."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. फौजेत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं.

तांदूळ निघाले, उदबत्तीच्या काड्या निघाल्या, राख निघाली. त्यांच्या सांगण्याप्रमाणं खटका दाबला तशी नळी बिजागरीवर खाली मोडली. मागून पाहिलं तर आरपार उजेड. मग त्यांनी रुपयाचं नाणं नळीच्या तोंडात जातं का विचारलं. ते सहज गेलं आणि आत खुळखुळलं. "हं," ते म्हणाले, "माणूस मारायला एवढं मोठं भोक लागत नाही." पुढचा हुकूम कुंकू काढण्याचा होता. पितांबरी नाही, लिंबू नाही, तेल नाही. कोरडा, मऊ ब्रश.

आत्या तयार होईना. शेवटी तिनं अंघोळ केली, नवा कोरा टूथब्रश मागवला आणि देवघरासमोर बसून स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर मोकळं करत, खाली ताटलीत कुंकू झेलत ते साफ केलं. कोपऱ्याकोपऱ्यांत कुंकवाची काळपट-लाल खपली बसली होती. ती निघाली तेव्हा लक्षात आलं की कुंकवानं अक्षरं सांभाळली होती. उघड्या पडलेल्या जागी पितांबरीनं ती पार पुसून टाकली होती. वाचता आलं ते असं: स्कॉट, पुढं बर्मिंगहॅमचा निम्मा भाग, एक बाणाची खूण, आणि १९१८. बाण पाहून आत्यानं हात जोडले, रामाचा म्हणून. तात्यांना ते कोंबडीचं पाऊल दिसलं. सुभेदार म्हणाले, ती इंग्रज सरकारच्या मालाची खूण.

"वेब्ली अँड स्कॉटच!" जावईबापू उठूनच उभे राहिले. हक्क सोडल्याचा त्यांना तेवढ्यापुरता विसर पडला असावा.

"कंपनी बरोबर आहे," सुभेदार म्हणाले, "पण गोळीचं पिस्तूल नाही हे. हे व्हेरी लाइट."

"हलकं कुठंय," तात्या म्हणाले, "चांगलं वजनदार आहे."

व्हेरी हा अमेरिकेच्या आरमारातला अधिकारी, हे मग कळलं. त्याच्या नावाची ही इशारतीची पिस्तुलं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून रात्री ती आभाळाकडं झाडायची. लाल, हिरवा किंवा पांढरा तारा वर जायचा आणि मागच्या तोफखान्याला काय ते कळायचं, नाहीतर समोरचं रान उजळून निघायचं. काडतूस इंचभर जाड. अंधारात रंग कळावा म्हणून त्याच्या बुडाच्या काठावर खाचा असत, शिपायानं त्या बोटानं चाचपायच्या. थोडक्यात, आमच्या आबांचं हत्यार मारायचं नव्हतंच. उजेड पाडायचं होतं.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. पुण्याच्या भावानं पितळेचा मोडीचा भाव विचारून घेतला. थोरल्या भावाला शाळेतलं भाषण आठवलं असणार, तो बाहेर जाऊन पान खाऊन आला. एवढ्यात आत्या ताटलीतलं कुंकू पुडीत बांधता बांधता म्हणाली, "मग माय काय वेगळं सांगत व्हती? आभाळ लाल झालं, रातचा दिवस झाला, कोंबडे आरडले."

ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आजी गोष्ट सांगताना हे दर वेळी सांगायची, आणि आम्ही शिकलेली पोरं तिला हसायचो. पिस्तूल झाडल्यावर कुठं आभाळ लाल होतं? कोंबडे कशाला आरवतील? भाषण लिहिताना भावानं हा सगळा भाग अतिशयोक्ती म्हणून गाळला आणि गोष्ट खरी वाटावी म्हणून रझाकारांचा आकडा वाढवला. आजीच्या गोष्टीत मेलेला माणूस एकही नव्हता. तोही आम्ही मधल्या काळात घालून घेतला होता. आम्ही जे जे काढून टाकलं ते सगळं घडलेलं होतं, आणि जे घातलं ते आम्हीच घातलेलं.

त्याहून पंचाईत शेजारच्या घराची. गेली कित्येक वर्षं ते आमच्या लग्नकार्याला येत नाहीत. "तुमच्या आबानं आमची कडब्याची गंजी पेटवली" अशी त्यांची तक्रार होती, आणि आम्ही गावभर सांगत फिरलो की यांचे आजोबा निजामाकडून होते, म्हणून असं बोलतात. वर गेलेला तारा जळतच खाली येतो, हे सुभेदारांनी सांगितल्यावर तात्यांनी हळूच खिडकी लावून घेतली. ४८ सालच्या गंजीची भरपाई आजच्या भावानं किती होईल याचा हिशेब वकिलानं मनातल्या मनात केला आणि तोंड बंद ठेवलं.

अर्ज गेला. ठाण्यातले जमादार सज्जन होते, पण छापील रकान्यात 'उजेडाचे पिस्तूल' कुठं बसवावं ते त्यांना कळेना. कायद्याच्या व्याख्येत स्फोटकाच्या जोरानं काहीही फेकणारं हत्यार येतं, असं वकिलानं सांगितल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला आणि लिहिलं: पितळी पिस्तूल, नग एक, जुने. आत्याला सोबत नेलं होतं, कारण फडक्यातून ते सोडायचा हक्क तिचाच होता.

पावतीवर शिक्का बसला तशी ती म्हणाली, "जमादारसाहेब, खंडेनवमीला त्याला झेंडू लागतो बरं का. नळीत तांदूळ घालून उदबत्ती लावायची. घरी सुना इसरतेत, तुमच्याकडं तर बायामाणसं बी नाहीत."

"आजी, इथं असं करता येत नाही."

"कामून? दसऱ्याला तुम्ही बंदुका पुजत नाहीत का?"

"पुजतो ना. पण त्या सरकारी असतेत. हा मुद्देमाल आहे."

आत्यानं पावती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर परत सरकवली.

"मग सरकारी म्हणून लिहा की त्याला. बाणाची खूण हाये सरकारची त्याच्यावर, मी स्वतः घासलंय."