गोऱ्हा तयार आहे, गणिताचे सर हवेत

"किती धावपळीचा गेला हा पंधरवडा!" आमच्या गावच्या सरकारी हायस्कूलचं न्यूजलेटर दर वेळी या वाक्याने सुरू होतं. मुख्याध्यापक बदलले, पहिल्या पानावरचा लोगो बदलला, वाक्य टिकून आहे. गाव न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरीना भागातलं, सिडनीहून गाडीने सहा तास आत. इथे नजर पोचेल तिथवर गहू आणि मेंढ्या, माणसं अधूनमधून. सातवी ते बारावी मिळून शाळेत जेवढी मुलं आहेत, तेवढी लातूरच्या क्लासवाल्यांच्या एका बॅचमध्ये बसतील. तरी धावपळ अशी की वाचतानाच दम लागावा. पोहण्याचा कार्निव्हल, पळण्याचा कार्निव्हल, २१ मार्चला हार्मनी डे म्हणून सगळ्यांनी घातलेले नारिंगी शर्ट, २५ एप्रिलला अँझॅक डेच्या पहाटे स्मारकावर वाहिलेलं पुष्पचक्र, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी मफ्ती डे. त्या दिवशी गणवेश घालायचा नाही आणि न घालण्याबद्दल एक किंवा दोन डॉलरचं सोनेरी नाणं डब्यात टाकायचं. कपडे बदलण्याचे पैसे घेणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

हे न्यूजलेटर वाचायची एक रीत आहे. सातबारा हातात पडला की मुरलेला माणूस पिकांच्या नोंदी सोडून आधी 'इतर हक्क' बघतो, तसं इथे शेवटचं पान आधी काढायचं. पुढच्या पानांवर हसरे चेहरे, पदकं आणि केक. मागच्या पानावर, बारीक टायपात, खरी शाळा. सातवीच्या वर्गात उवा निघाल्या आहेत. मैदानापलीकडच्या गवतात ब्राउन स्नेक दिसला आहे. मॅगपाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम असल्याने सायकलवाल्यांनी हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचून याव्यात, नाहीतर पक्षी डोक्यावर झेपावतात. (मॅगपाय माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो. शाळेत कायम नेमणुकीवर असलेला आणि मुलांना चेहऱ्याने ओळखणारा तोच एक.) आणि त्याच्याही खाली: 'या सत्रात गणिताच्या काही तासांना मिनिमल सुपरव्हिजन राहील.'

त्याचा खुलासा आमच्या बारावीतल्या कन्येने केला. तीन वर्ग लायब्ररीत एकत्र बसवतात, एक मिस दाराशी उभ्या राहतात आणि कुणी कुणाला मारत नाही ना, तेवढं बघतात. गणिताचे सर गेल्या वर्षी किनाऱ्याकडे बदली घेऊन गेले. त्यांची जागा भरायला सरकारने घरभाड्यात सवलत, भत्ता, बदलीत प्राधान्य असं सगळं देऊ केलं. कुणी आलं नाही. एक उमेदवार गाव बघून जायला आले होते म्हणतात. त्या आठवड्यात तापमान चव्वेचाळीसवर होतं. मग आठवी-नववीचं गणित पीटीच्या सरांकडे गेलं. आमच्या लहानपणी गणिताचे मास्तर पीटीचा तास खायचे. पीटीच्या सरांनी एवढ्या वर्षांनी, एवढ्या लांब येऊन, हिशेब चुकता केला आहे.

न्यूजलेटरच्या दर्शनी भागात या प्रकाराला जागा नाही, कारण ती जागा गोऱ्ह्याने व्यापली आहे.

इथल्या शाळेला स्वतःची शेती आहे, गोठा आहे, आणि शेतकीच्या मिस आहेत, ज्या वारा-वादळात कधी रजेवर जात नाहीत. दर वर्षी शाळा आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून मांसासाठी वाढवायचे खच्ची गोऱ्हे घेते आणि मुलं त्यांना प्रदर्शनासाठी तयार करतात. इथले लोक त्यांना स्टीअर म्हणतात. गोऱ्हा आला की दोन-तीन आठवडे कुणाला जवळ येऊ देत नाही. मग त्याला म्होरकी घालून खांबाला बांधायचं, रोज हात लावायचा, हळूहळू चालवायचं. त्याला शांपूने अंघोळ. मग मोठ्या ब्लोअरने केस वाळवायचे, ते वरच्या दिशेने विंचरून फुलवायचे, शेपटीचा गोंडा पिंजून गोल करायचा. मुलांच्या हातात एक लांब काठी असते. तिच्या टोकाने गोऱ्ह्याचा पाय अर्धी वीत पुढे सरकवायचा, म्हणजे परीक्षकाला पाठ सरळ दिसते. आणि तो बिथरला की त्याच काठीने पोटाखाली खाजवायचं. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, एका हातात दोर, एका हातात काठी, आणि चारशे किलोचा गोऱ्हा डोळे मिटून उभा. बारावीच्या वर्गात एवढं लक्ष एकेका विद्यार्थ्याकडे दिलं असतं तर मी हे सदर लिहिलं नसतं.

स्पर्धेचे दोन भाग असतात. पहिल्यात गोऱ्हा जिवंत असतो. दुसऱ्यात नसतो. चरबीचा थर किती, पाठीच्या मांसाचा आकार केवढा, हे खाटीकखान्यात मोजून गुण देतात आणि निकाल नंतर लागतो. त्यामुळे न्यूजलेटरमध्ये अशी बातमी येऊ शकते, आणि आली: 'आमच्या टी-बोनने जिवंत गटात चौथा आणि कत्तलीनंतरच्या गटात पहिला क्रमांक पटकावला. शाब्बास टी-बोन!' मरणोत्तर गौरव आपल्याकडेही होतात, पण त्यात वजन कुणी करत नाही.

(हा परिच्छेद महाराष्ट्रात छापताना संपादकांनी जरा आजूबाजूला बघून घ्यावं.)

टी-बोनचा दोर धरलेल्या कन्येचा फोटो आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने गावी पाठवला. आमच्या वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला म्हणे. लगेच फोन. "काय देखणा बैल आहे रे! तिकडं पण पोळा करतात वाटतं?" मी म्हणालो, तसंच काहीसं. "शिंगं रंगवली नाहीत?" म्हटलं, या जातीला शिंगंच नसतात. "बरं. मग निवद काय दाखवला?" इथे मी फोन बायकोकडे दिला. ती डॉक्टर आहे, अवघड बातम्या सांगायची तिला सवय आहे. तिनेही "बाबा, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून दिला.

आता गंमत बघा. त्याच गोठ्यात नववीतली एक शेतकऱ्याची मुलगी खाद्याच्या गोणीवर मार्करने काहीतरी लिहीत होती. मी डोकावलो. बार्लीत प्रथिनं इतकी, डाळीच्या भरड्यात इतकी, मिश्रणात इतकी हवीत, तर दोन्ही कुठल्या प्रमाणात घालायची; गोऱ्हा दिवसाला दीड किलो वाढला तर प्रदर्शनाच्या दिवशी कुठल्या वजनगटात जाईल; आणि खाद्याचा खर्च वजा जाता लिलावात हातात काय राहील. गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सगळं एका गोणीवर. शाळेत गणित चालू आहे. फक्त ते वेळापत्रकात नाही, आणि त्याला बघायला पीटीचे सर नसून गोऱ्हा असतो.

आमच्या सिडनीतल्या मराठी मित्रांना हे सांगितलं तर ते कळवळतात. "अरे, मुलीचं काय होणार? जेम्स रूसचा विचार केला नाहीस का वेळेवर?" आता या जेम्स रूसविषयी वाचकांना सांगायलाच हवं. सिडनीच्या कार्लिंगफर्ड उपनगरात जेम्स रूस कृषी विद्यालय आहे. जेम्स रूस हा घरफोडीबद्दल इंग्लंडहून इकडे धाडलेला कैदी. १७८९ मध्ये गव्हर्नर फिलिपने त्याला पॅरामाटाजवळ जमीन कसायला दिली, आणि एक माणूस स्वतःच्या कष्टावर इथे पोट भरू शकतो हे त्याने दाखवलं. त्याच्या नावाने १९५९ साली ही शेतकी शाळा निघाली. आज ती परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा आहे आणि बारावीच्या निकालात ती सलग सत्तावीस वर्षं राज्यात पहिली होती. २०२३ मध्ये नॉर्थ सिडनी बॉइज हायस्कूलने तिला खाली ढकललं. भारतीय, चिनी, कोरियन आईबाप तिसरी-चौथीपासून मुलांना क्लास लावतात ते या शेतकी शाळेसाठी. तिथे दहावीपर्यंत शेती हा विषय सक्तीचा आहे. ती मुलं शेती शिकतात आणि डॉक्टर होतात. आमच्याकडची मुलं डॉक्टर व्हायचं म्हणतात आणि शेती करतात, कारण डॉक्टर व्हायला लागणारं गणित कार्लिंगफर्डला राहायला गेलं आहे.

सरकारला याची कल्पना नाही असं मुळीच नाही. डेव्हिड गॉन्स्की यांनी २०११ मध्ये शाळांच्या निधीवर अहवाल दिला. जॉन हॉल्सी यांनी २०१८ मध्ये खास ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या शिक्षणावर दिला. २०१५ पासून ऑरोरा कॉलेज नावाची सरकारी आभासी शाळाही आहे, तिचे शिक्षक खेड्यातल्या निवडक मुलांना पडद्यावरून शिकवतात. आमच्या भागात गव्हाचं पीक दुष्काळात जातं, पुरात जातं, २०२१ साली तर उंदरांनीही नेलं. अहवालांचं पीक एकदाही बुडालेलं नाही.

बाकी राहता राहिला पैसा. तो सॉसेजमधून येतो. इथे मतदान सक्तीचं आहे, १९२४ पासून. नाही केलं तर वीस डॉलर दंड. मतदान शनिवारी, आणि बहुतेक ठिकाणी शाळेत. मग शाळेची पालकसभा फाटकाशी लोखंडी तवा मांडते, पांढऱ्या पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, वर तळलेला कांदा, वर टोमॅटो सॉस. याला डेमॉक्रसी सॉसेज म्हणतात आणि २०१६ मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा वर्षाचा शब्द ठरला होता. कांदा सॉसेजच्या वर असावा की खाली, यावर २०१८ साली देशभर चर्चा झाली, कारण बनिंग्ज या हार्डवेअर दुकानाने आपल्या आवारातल्या स्टॉलवाल्यांना तो खाली घालायला सांगितलं. वरचा घसरून जमिनीवर पडतो आणि त्यावरून गिऱ्हाईक घसरतं. पंतप्रधानांनाही त्यावर बोलावं लागलं. गणिताच्या शिक्षकांवर एवढी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. ते गेले तर कुणी घसरत नाही.

आमची बायको सॉसेजला हात लावत नाही, म्हणून पालकसभेने तिला कांद्यावर नेमलं आहे. तिने त्यात हळूच हळद आणि मोहरी घातली. तेव्हापासून काही लोक नुसता कांदा-पाव मागतात. त्या पैशातून विज्ञानाच्या प्रयोगशाळेला नवे पंखे आले. याच सुमारास सिडनीच्या बेलव्ह्यू हिल भागातल्या स्कॉट्स कॉलेज या खासगी शाळेची नवी इमारत चर्चेत होती. बुरूज, मनोरे, सगळं स्कॉटलंडच्या किल्ल्यासारखं. खर्च वर्तमानपत्रांनी सहा कोटी डॉलरच्या घरात सांगितला. फी घेणाऱ्या या शाळेलाही सरकारी अनुदान मिळतं. सहा कोटीला किती सॉसेज लागतील हा हिशेब मी पीटीच्या सरांना घातला. ते म्हणाले, आधी वॉर्म-अप करू.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. २०२३ च्या चौथ्या सत्रापासून राज्यातल्या सरकारी हायस्कुलांत फोन बंद. १० डिसेंबर २०२५ पासून देशभर सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. कंपन्यांनी ऐकलं नाही तर चार कोटी पंच्याण्णव लाख डॉलरपर्यंत दंड. निर्णय चांगला आहे, मी टाळ्या वाजवल्या. मात्र शाळेची बस उशिरा येणार, सामना रद्द झाला, उद्या वीज नाही, या सगळ्या सूचना शाळा फेसबुकवर टाकते. तेव्हा आता गावातले सगळे आजोबा सामन्याच्या वेळा जाणतात आणि सामना खेळणारी पोरं त्यांच्या घरी जाऊन विचारतात.

आणि हे सगळं पार पडलं की येतो फॉर्मल, बारावीचा निरोपाचा सोहळा. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपतात, त्यानंतर लगेच. मुली गाउन घालतात, मुलगे सूट. सगळं गाव हॉलबाहेर खुर्च्या टाकून बसतं, कारण कोण कशातून उतरतं हे बघायचं असतं. शहरात म्हणे लांब लिमोझिन आणतात. इथे कुणी ट्रॅक्टरवरून येतं, कुणी मेंढ्यांच्या ट्रकमधून, कुणी गावच्या अग्निशमन बंबावरून. मागच्या वर्षी एक जोडपं जेसीबीच्या बकेटमधून अलगद खाली उतरलं आणि त्याचा फोटो न्यूजलेटरच्या पहिल्या पानावर आला, टी-बोनच्याही वर.

आमच्याकडे टोयोटा कॅमरी आहे. कन्येने जाहीर केलं की कॅमरीतून उतरण्यापेक्षा ती येणारच नाही. तिला हेडर हवा, म्हणजे गहू कापणारं ते दोन मजली मशीन. मी शेजारच्या शेतकऱ्याकडे शब्द टाकायला गेलो. तो बराच वेळ टोपी मागेपुढे करत राहिला. "नोव्हेंबर आहे, मित्रा. गहू उभा आहे. हेडर रात्री बारापर्यंत चालतो." मी मान हलवली. "एकच मार्ग आहे," तो म्हणाला. "पाऊस आला, गहू भिजला, तर त्या दिवशी कापणी बंद. मग घेऊन जा, मीच चालवतो."

तेव्हापासून आमच्या घरात देव पाण्यात आहेत. ही गोष्ट गावात फुटू नये म्हणून बायकोने मला बजावलं आहे, कारण कांद्याचा तवा हातातून जाईलच, शिवाय बाकीचं सगळं गाव चर्चमध्ये नेमकं उलट मागतं आहे.