अर्ध्या वॉटची कटकट

बाजारात बाकी सगळं जास्तीचं विकलं जातं. जास्त लिटरचा फ्रिज, जास्त इंचांचा टीव्ही, जास्त वॉटचा मिक्सर. कमी मिळावं म्हणून रोख पैसे मोजायचे अशी घरगुती वस्तू मला एकच माहीत आहे, ती म्हणजे प्लगमध्ये खोचायचा नाइट लॅम्प. बरं, कमी म्हणजे नेमकं किती कमी, हे सांगायला कुणी बांधील नाही. खोक्यावर ‘अर्धा वॉट’ एवढंच असतं. वॉट म्हणजे तो वीज किती खातो. उजेड किती पाडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात आणि नऊ वॉटच्या साध्या बल्बच्या खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. नाइट लॅम्पच्या खोक्यावर चंद्र असतो, झोपलेलं गोरं बाळ असतं आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘सुपर ब्राइट’.

पुण्यात विजेचं काही घ्यायचं तर तपकीर गल्ली. तिथे भर दुपारीही दुकानात छतापासून काउंटरपर्यंत दिवे चालू असतात. पॅनेल, झुंबरं, फोकस, माळा, सगळं एकदम. या लखलखाटात उभं राहून आपण अंधुकपणाची पारख करायची. दुकानदाराने टेस्टिंगच्या बोर्डात लॅम्प खोचला. काही झालेलं दिसलं नाही.

“ताई, लागलाय,” तो म्हणाला.

मग त्याने ओंजळ पालथी करून लॅम्पवर धरली, दोन अंगठ्यांमध्ये बोटभर फट ठेवली आणि म्हणाला, “आता बघा.” मी पर्स सावरत काउंटरवर वाकले आणि एका अनोळखी गृहस्थाच्या ओंजळीला डोळा लावला. आत उजेड होता. चांगला होता. आमची बेडरूम मात्र दहा बाय बाराची आहे, ओंजळीएवढी नाही, हे मी बोलून दाखवलं. त्यावर “सगळे हाच नेतात” असा या व्यवसायातला अंतिम पुरावा त्याने सादर केला. सेन्सरवाला लॅम्प दाखवायची तऱ्हाही तशीच. सेन्सरवर अंगठा ठेवला की दिवा लागतो, काढला की विझतो. वॉरंटी किती, असं विचारलं तर उत्तर आलं, “चायना आहे ना, ताई.” हे उत्तर कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मागच्या दोन बायकांना ते पटलेलं दिसलं.

आमच्या आधीच्या पिढीला निवडच करावी लागत नव्हती. झिरोचा बल्ब होता. नाव झिरो आणि खायचा पंधरा वॉटच्या आसपास. जुन्या, चकती फिरणाऱ्या मीटरला एवढा बारीक भार धड कळत नसे, म्हणून हिशेबात तो शून्य. रोज दहा तास लावला तर वर्षाला पन्नासच्या वर युनिटं होतात, तरीही अख्ख्या देशाने त्याला झिरोच म्हटलं. इतका मान पुढे कुठल्याच उपकरणाला मिळाला नाही. तो लाल, हिरवा, निळा, पिवळा अशा रंगांत यायचा. माझ्या माहेरी हिरवा होता, त्यामुळे लहानपणी मुक्कामाला आलेले सगळे पाहुणे मला अजून पित्त झाल्यासारखे आठवतात.

प्लगमध्ये खोचायचा दिवा आपल्या घरांसाठी जन्मलेलाच नाही. अमेरिकेतल्या घरांत पॉइंट जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर असतात. दिवा खाली, उजेड फरशीवर, पाऊल कुठे पडतंय ते दिसतं आणि डोळ्यांत काही जात नाही. आपल्याकडे बिल्डर सगळी बटणं आणि पॉइंट एकाच बोर्डात कोंबतो आणि तो बोर्ड दाराशेजारी चार-साडेचार फुटांवर ठोकतो. तिथे खोचलेला लॅम्प फरशी सोडून सर्व काही उजळतो. कॅलेंडर उजळतं, दाराची कडी उजळते, समोरून येणाऱ्याची हनुवटी उजळते. रात्री पाणी प्यायला उठलेला माझा नवरा ‘रात्रीस खेळ चाले’च्या शीर्षकगीतात शोभेल अशा चेहऱ्याने खोलीत परततो आणि खाली पडलेल्या चपलेला ठेचकाळतो.

खालचे पॉइंट आहेत की. एक पलंगामागे, एक कपाटामागे, एक टीव्हीच्या युनिटमागे. घराचा ताबा मिळाल्यापासून तिथे कुणाचा हात पोचलेला नाही. हाताशी असलेला उरतो एकच, आणि तो डासांच्या मशीनचा. दोघांचं काम रात्रीच आणि दोघांचंही रात्रभर. दिवा लावला तर डास कुठे बसलेत ते दिसतं, मशीन लावलं तर ते दिसायची गरज राहत नाही. यातून मार्ग म्हणून मल्टिप्लग आणला. तो भिंतीतून इतका पुढे आला की बेडरूमचं दार पूर्ण उघडेना. शिवाय लॅम्पच्या पिना चपट्या, आपलं सॉकेट गोल पिनांचं. म्हणून मल्टिप्लगमध्ये कन्व्हर्टर, कन्व्हर्टर ढिला म्हणून त्याच्याखाली कागदाची घडी, आणि या सगळ्या बांधकामाच्या टोकाला अर्धा वॉट.

घरात प्रत्येकाला लॅम्प हवा आहे, फक्त प्रत्येकाला वेगळा. वय वाढतं तशी बाहुली बारीक होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याला मिळतो, आणि सासूबाईंनी साठी ओलांडून बराच काळ लोटला. त्यांना बाथरूमपर्यंत सुखरूप जायला जेवढा उजेड लागतो तेवढ्यात त्यांची नात गोष्टीचं पुस्तक वाचू शकते, आणि वाचते. नवऱ्याला मिटल्या पापणीतूनही उजेड टोचतो. माझं मत कुणी विचारलेलं नाही, कारण दिवा आणायला मी जाते.

रंगाच्या बाबतीत शास्त्र स्पष्ट आहे, त्यामुळे भांडण अटळ होतं. झोप आणणारं मेलॅटोनिन निळ्या उजेडाने दबतं. शरीराला दिवस-रात्रीची वर्दी देणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त बिथरतात. दुकानातला स्वस्त पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच, त्यावर पिवळं फॉस्फर थापलेलं असतं. उलट अंधारात बघण्याचं काम करणाऱ्या पेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही, म्हणून अंधाराला सरावलेली नजर लाल दिव्यात टिकून राहते. एकदा ती मोडली की पूर्ववत व्हायला वीस ते तीस मिनिटं घेते. इतका अभ्यास करून मी लाल आणला.

“देव्हाऱ्यात छान दिसेल,” सासूबाई म्हणाल्या.

“मला भीती वाटते,” धाकटी म्हणाली.

“आपण इथे फोटो धुतोय का?” नवऱ्याने विचारलं.

लाल दिवा सध्या देव्हाऱ्यात आहे. तिथे त्याच्याबद्दल कुणाचीही तक्रार आलेली नाही.

मग सेन्सरवाला आला. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार. आम्ही तो बोर्डात खोचला. बोर्डाच्या बाजूलाच पांढऱ्या सनमायकाचं कपाट, आणि त्याचं दार रात्री उघडं राहतं कारण ते बंद करताना करकरतं. दिवे घालवले. अंधार झाला, लॅम्प लागला. त्याचा उजेड कपाटाच्या दारावर आपटून परत सेन्सरवर आला. सेन्सरला वाटलं, उजाडलं. लॅम्प विझला. विझताच पुन्हा अंधार, म्हणून पुन्हा लागला. लागल्यावर पुन्हा उजाडलं. त्या रात्री आमच्या बेडरूममध्ये जेवढे सूर्योदय झाले तेवढे माणसाच्या आयुष्यात होत नसतील. आता झोपण्यापूर्वी करकर ऐकून घ्यायची आणि कपाट लावायचं, असा नियम आहे.

सेन्सरला आणखी एक शत्रू आहे. ‘आपोआप’ या कल्पनेवर सासूबाईंचा विश्वास नाही. आपल्याकडे प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र बटण असतं आणि चालू राहिलेलं बटण दिसलं की ते बंद करायचं हे त्यांच्या पिढीला शिकवावं लागत नाही. सकाळी त्या बटण बंद करतात. रात्री अंधार पडतो, सेन्सर तयार असतो, पण त्याला वीज नसते. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला की अर्ध्या वॉटचा दिवा रोज दहा तास जळला तरी वर्षाला दोन युनिटंही होत नाहीत.

“मग बटण दिलंय कशाला?” त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

हालचाल ओळखणारा लॅम्प बाथरूमसाठी घेतला. तो अंगाच्या उबेवर चालतो. ऊब हलली की लागतो, हलायची थांबली की थोड्या वेळाने विझतो. माणूस बाथरूममध्ये काही काळ एका जागी बसून राहतो, ही शक्यता तो बनवणाऱ्याच्या मनात आलेली दिसत नाही. आतल्या माणसाला मधूनमधून हात वर करून हलवावे लागतात. त्यात दिव्यावर चिलटं येतात, चिलटांमागे पाल येते. पालीच्या अंगाला आपल्यासारखी ऊब नसल्यामुळे सेन्सरला ती दिसत नाही. आपण आत गेल्यावर दिवा लागतो आणि ती दिव्याशेजारीच असते. आमच्याकडे रात्री बाथरूममधून जे आवाज येतात त्यांची आता कुणी चौकशी करत नाही.

लाईट गेली की काय होतं तेही सांगायला हवं. घरात खरा अंधार होतो तो तेवढ्याच वेळात, आणि नेमका त्या वेळात नाइट लॅम्प बंद असतो. इन्व्हर्टरवर प्रत्येक खोलीतला एक पंखा आणि एक ट्यूब आहे. नाइट लॅम्पचा पॉइंट त्यावर घ्यायचा तर भिंत फोडावी लागेल, असं वायरमनचं म्हणणं आहे. भिंत फोडायची त्याला हौस आहे, पण अर्ध्या वॉटसाठी मी ती फोडू देणार नाही.

एरवी सगळे दिवे घालवल्यावर आमच्या घरात किती दिवे लागलेले असतात ते मी एकदा अंथरुणात पडल्या पडल्या बघत होते. राउटरवर हिरवे थेंब लुकलुकतात. सेट टॉप बॉक्स लाल. एसीवर २६ हा आकडा, इतका मोठा की एसी बंद असतानाही तो वाचल्यासारखं वाटतं. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, फोनचा चार्जर, डासांच्या मशीनचं लाल टिंब. स्वयंपाकघरात वॉटर प्युरिफायरचा निळा दिवा तर बेडरूमपर्यंत येतो. निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षं झगडावं लागलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो शोध आमच्याकडे रात्रभर टाकी भरल्याचं सांगत असतो. यातला एकही दिवा आम्ही दिवा म्हणून विकत घेतलेला नाही, आणि यातल्या एकाच्याही उजेडात चप्पल दिसत नाही.

आणि हॉलमधला बल्ब. तो बंद केला तरी पूर्ण विझत नाही. बटण बंद, तरी आतल्या एलईडी किंचित पेटलेल्या राहतात. त्याला रंग आहे मंद पिवळसर. तो छतावर आहे, त्यामुळे उजेड थेट डोळ्यांत न येता सगळीकडे सारखा पसरतो. त्या उजेडात फरशी दिसते, टीपॉयचा कोपरा दिसतो, सासूबाईंना वाट दिसते, पुस्तकातली अक्षरं मात्र दिसत नाहीत. आवाज नाही, सेन्सर नाही, पिना नाहीत. तपकीर गल्लीत ज्याला ओंजळीत डोळा घालून शोधत होते, नेमकं तेवढं. फक्त हॉलमध्ये कुणी झोपत नाही.

मी वायरमनला बोलावलं. म्हटलं, हे असंच बेडरूममध्ये करून द्या.

त्याने बटण उघडलं, आत बघितलं आणि मान हलवली. “मॅडम, हा फॉल्ट आहे. तुमच्या बटणात लाल इंडिकेटर आहे ना, त्यातून थोडा करंट जातो. म्हणून बल्ब पेटलेला राहतो.”

“मग तेच इंडिकेटरचं बटण आत बसवा.”

“फॉल्ट कसा बसवणार, मॅडम?”

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. बल्बकडे बघून म्हणाल्या, “बरं झालं तू आलास. काढून टाक ते. रात्रभर फुकट जळतो.”

त्याने इंडिकेटर काढला. दीडशे रुपये घेतले. जाताना पायात चपला घालताना त्याने विचारलं, बेडरूमसाठी नाइट लॅम्प बघताय का, त्याच्या गाडीत चार-पाच पीस पडलेत, चायनाचेच आहेत, पण सुपर ब्राइट आहेत.