टमरेलवाल्यांची एकजूट

राजेहो, वाशीम जिल्ह्यात लोकांची एकी नाही म्हणणाऱ्यानं पहाटे चारला उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणाऱ्या गुडमॉर्निंग पथकाची गाडी गावात शिरताना पाहिलेली दिसत नाही. ग्रामसभेला शंभर डोकी जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून सचिव आणि शिपाई मिळून गावाचा विकास मंजूर करतात. पण फाट्यावर गाडीचे दिवे दिसले रे दिसले, की धुऱ्यावरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा एकमेकांना फोन लावायचे, "दादा, ऊठ झटकन, गाडी आली!" पथक गुलाबाची फुलं घेऊन नाल्यावर पोचायचं, तोवर गोदरी ओस.

दंड १,२०० रुपयांपर्यंत, पोलीस कायद्याची कलमं ११५ आणि ११७. स्वच्छ भारतचं संडासाचं अनुदान १२,००० रुपये. म्हणजे दहादा सापडलं तरी माणूस तोट्यात नाही, आणि दहादा सापडण्याइतका बावळट आपल्याकडे कोण आहे? अनुदानातून संडास उभे राहिले. पावसाळ्यात त्यांत तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या कोरड्या राहू लागल्या, हा फायदा कोणत्याच अहवालात नाही.

दंडाचा उपयोग होतो, असं शास्त्र म्हणतं. अर्थतज्ज्ञ अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी २००२ मध्ये पैशांच्या खेळातून दाखवलं, की फुकट्यांना दंड करायची सोय असली की सगळे सामायिक खात्यात जास्त पैसे टाकतात. पुढं २००८ मध्ये गेश्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ सोळा ठिकाणी मांडला, तर अथेन्स आणि मस्कतमध्ये लोक भरभरून देणाऱ्यालाच दंड ठोकताना दिसले! त्यासाठी मस्कतला कशाला जायचं? आमच्याकडे ज्यानं पहिला संडास बांधून खरोखर वापरला, त्याच्याबद्दल पारावर लगेच निकाल लागला : "पथकाले खबर यानंच देल्ली. मोठा आला गाडगेबाबा!"

गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. आधी स्वतः गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनात गावाला झाडायचे. पावतीपुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बाईनं मंगळसूत्र विकून संडास बांधला, तोही पथकाच्या शिट्टीला भिऊन नव्हे. मंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टमरेल उचललं.

मग १८ एप्रिल २०१८ रोजी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. आता कुणाला पकडलं तर सरकार खोटं ठरतं. त्यामुळे टमरेलवाला समोरून येताना दिसला की साहेबच गाडीची काच वर करून घेतात.