जिंतूर मुक्कामी विज्ञानरहस्याचा भाग रचू इच्छिणारांस सूचना

दूरदर्शनवर 1980च्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ आणि पुढे 1998 साली मिलिंद सोमण यांचा ‘कॅप्टन व्योम’ पाहून, आपणही एखाद्या विज्ञानमालिकेचा रहस्यप्रधान भाग लिहावा, अशी दुर्दम्य आकांक्षा ज्यांच्या चित्तात उत्पन्न झाली असेल, त्यांनी मुंबईकडे धाव न घेता प्रथम परभणी जिल्ह्यातील जिंतुरास यावे. कारण रहस्यास लागणारी बहुतेक सामग्री या तालुक्यात काही निसर्गकृपेने आणि काही सरकारी खर्चाने आधीच सिद्ध आहे.

प्रारंभ अद्भुत घटनेने करावा. पूर्णा नदीवर येलदरीचे धरण असून त्यास साडेबावीस मेगावॅटचे वीजगृह जोडलेले असल्यामुळे, एका रात्री अकस्मात सर्वत्र अंधार पसरला, अशी कल्पना नवशिक्यास हटकून सुचेल. ती त्याने तत्काळ टाकावी, कारण इकडच्या प्रेक्षकास त्यात रहस्य दिसत नाही. उलटपक्षी, ऐन वैशाखात सलग आठ दिवस वीज क्षणभरही गेली नाही, असे दाखविल्यास परग्रहवासीयांच्या आगमनाविषयी तालुक्यात कोणासही शंका उरणार नाही.

नेमगिरीच्या टेकडीवरील जैन गुहांत लहानशा पाषाणावर तोललेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती पाहून गुरुत्वाकर्षण निष्प्रभ करणारे यंत्र तेथे दडविण्याचा मोह होईल. तो आवरावा. भाविकांचा अवमान होईल हे एक, आणि त्या मूर्तीसमोर आपले पुठ्ठ्याचे यान फारच केविलवाणे दिसेल हे दुसरे.

यान शेतात उतरताच नायकाने किरणयंत्र न उपसता तलाठ्यास पाचारण करावे. कारण यान कोणत्या सातबाऱ्यावर उतरले आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सही कोणी करावयाची, हे ठरेपर्यंत कथा यथेच्छ लांबविता येते. शिवाय हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्याने जुने महसुली दप्तर उर्दूत आहे. सबब रहस्याचा मुख्य दुवा 1340 फसलीच्या एखाद्या जीर्ण कागदात ठेवावा. परग्रहाची लिपी क्षणार्धात वाचणारा नायक त्या कागदापुढे हतबल होतो, वाचणारा वृद्ध जाणकार सापडेतो तीन भाग सुखेनैव उलटतात, आणि या विलंबाबद्दल लेखकास कोणी जाबही विचारीत नाही, इतका तो स्वाभाविक वाटतो.

राहता राहिला उलगडा. हल्लीचे मालिकालेखक तो पुढील भागावर, पुढील भागाचे लेखक त्यापुढील हंगामावर ढकलतात, आणि अखेरीस सर्व काही स्वप्न होते असे जाहीर करून मानधन उचलतात. हा मार्ग सुलभ खरा. परंतु जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तेव्हा स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव धारण केले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहवून घेतली. म्हणजे उत्तर परीक्षकांच्या डोळ्यांपुढे, पहिल्याच पानावर होते, आणि तरीही ते कोणास दिसले नाही. कथेस पहिले पारितोषिक मिळाले.

तरी इच्छुकांनी संहितेसोबत उलगड्याचे पान प्रथम जोडावे. ते तयार नसल्यास तूर्त जिंतूरची बस पकडू नये.