गरजेपुरते सर

रत्नागिरीत माळनाक्याजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर इंग्रजीचा एक क्लास आहे. पाटीवर लिहिलंय 'व्यवसायानुरूप इंग्रजी'. सरांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'गरजेपुरते सर' म्हटलं की रिक्षावाला बरोब्बर जिन्याशी सोडतो.

"सर, मुलाला फाडफाड इंग्रजी बोलता आलं पाहिजे," असं म्हणत कुणी वर आलं की सरांचा चष्मा कपाळावर जातो. "फाडफाड? कुणाशी? कशासाठी? फोनवर की समोरासमोर?" बाप बिचारा फी विचारायला आलेला. त्याच्या हाती तक्ता येतो, त्यात तीन रकाने: गरज, उणीव, हौस. रकाने हचिन्सन आणि वॉटर्स या जोडीचे. त्यांचं १९८७ सालचं पुस्तक सरांकडे ब्राउन पेपरचं कव्हर घालून देव्हाऱ्याशेजारी असतं.

गरज म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघायची गोष्ट, असं सरांचं ठाम मत. वेटरांची बॅच घेण्याआधी ते एका हॉटेलात वही उघडून तासन्‌तास बसले. मालकानं त्यांना आयकरवाला समजून फुकट सोलकढी पाजली. नर्सबाई परदेशी निघाल्या की त्यांच्या सरावासाठी सर स्वतः पेशंट होतात. ओईटी या त्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेत तशी नाटुकली असतेच. पण सर असे काही कण्हतात की खालचा हार्डवेअरवाला बाम घेऊन धावतो.

बोटीवर जाणारी पोरं मात्र खास लाडकी. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली ठरवून दिलेली वाक्यं आहेत. बोलण्याआधी वाक्याची जात सांगायची: क्वेश्चन, ऑन्सर, वॉर्निंग, इन्स्ट्रक्शन. दीडशे अंश म्हणायचे नाहीत, 'वन-फाइव्ह-झीरो' म्हणायचं. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. 'मे', 'माइट', 'कुड' असले डळमळीत शब्द टाळायचे. एकाचे दोन अर्थ निघाले तर बोट खडकावर. हे दर्यावर ठीक. पण सर घरीही तेच चालवतात. वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी बहुतेक पाहुणे येतील," की सर लगेच, "बहुतेक नको. येणार की नाही?" वहिनीही आता तयार झाल्यात. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "वॉर्निंग. दूध संपलंय." आणि सर निमूट पिशवी घेतात.

सर अडले ते एकदाच, गणपतीपुळ्याकडच्या एका आजींपाशी. घरगुती खानावळ त्यांची. गरजेच्या रकान्यात खोलीचं भाडं, गरम पाणी, माशात काटा किती, सगळं भरून झालं. हौशीच्या रकान्याशी आजी थबकल्या. मग म्हणाल्या, "न्यू जर्सीत नातू आहे. मराठी कळत नाही मेल्याला. त्याला एकदा इंग्रजीत रागवायचंय."

यावर पुस्तकात काही नव्हतं. सरांनी रात्र जागून धडा लिहिला. पुढच्या व्हिडिओ कॉलला आजी ताठ बसल्या. पडद्यावर नातू बुटांसकट सोफ्यावर उड्या मारत होता.

"इन्स्ट्रक्शन," आजी कडाडल्या. "गेट डाउन."

पोरगं टुणकन खाली. आजींनी सरांकडे अभिमानानं पाहिलं. सर वहीत काही लिहीत होते.

"वॉर्निंग," आजी पुढे म्हणाल्या, आणि पुढचं इंग्रजी आठवेना तेव्हा उरलेलं सगळं मालवणीत झालं. नातवाला ते पुरेपूर कळलं.